टोपड्यांची पेटी

विश्रांतवाडी,
९ जानेवारी

अनिरुद्ध,

वर 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. तुला मुलगी झाल्याचं तुझ्या तोंडून कळलं असतं तर राहू दिलं असतं.

फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, म्हणून पोस्टाने लिहितेय. विश्रांतवाडीहून कसबा पेठेत पत्र पोचायला किती दिवस लागतात ते या निमित्ताने कळेल. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून झालेली नाही.

बातमी तुळजाबाईंनी दिली. तुमच्या शेजारच्या जिन्यात राहतात, त्याच, तीन धिप्पाड मुलांच्या आई. माझ्याकडे जरा कामासाठी आल्या होत्या. चहाचा कप हातात घेऊन म्हणाल्या, "तुला कळलं असेलच म्हणा." मी म्हटलं, "हो तर, पहिला फोन मलाच आला." बिचाऱ्यांनी विश्वास ठेवला. आईने सगळ्या गल्लीत बर्फी वाटली असं त्या सांगत होत्या आणि मी मान डोलवत होते, जणू माझ्या फ्रिजमध्ये अर्धा किलो पडलीच आहे.

असो. अभिनंदन. कल्याणीची तब्येत बरी असेल असं धरून चालते.

आता मुद्द्याचं. मी आत्या झाले. हे तुला, कल्याणीला किंवा आईला विचारून झालेलं नाही, त्यामुळे रद्दही करता येणार नाही. आपल्यात बारशाला टोपडं आत्याने आणायचं असतं. बाळाच्या कानात कुर्र करून नाव आत्याने सांगायचं आणि मग बायकांचे पाठीत धपाटेही तिनेच खायचे. धपाट्यांना मी तयार आहे. गेली तीन वर्षं सरावच चालू आहे.

एकच टोपडं आणायचं तर दुकानातूनही मिळतं. मी सहा शिवणार आहे आणि ती ठेवायला घरीच एक पेटी करणार आहे. गोल, झाकणाची, बाहेरून खण लावलेली. टोपडी कपाटात कपड्यांखाली दडपली की चेंबतात आणि मग बाळाच्या कपाळावर पोळीसारखी आडवी बसतात. पेटीत प्रत्येकाच्या आत कापसाचा गोळा ठेवला की डोक्याचा आकार राहतो. मुलगी मोठी झाली की त्यात बांगड्या ठेवेल, नाहीतर काय ठेवायचं ते तिचं ती बघेल.

तुम्हाला कशाची भीती वाटते ते मला ठाऊक आहे, तेव्हा उगाच आडून आडून नको. माझा विश्वजीत सात महिन्यांचा होऊन झोपेत गेला. डॉक्टर म्हणाले, असं कधीकधी होतं, कारण सापडत नाही. आईला मात्र सापडलं. ती म्हणाली, "हिच्या हाताला मूल लाभत नाही." हे ती माझ्या तोंडावर म्हणाली नाही, एवढा तिने मान राखला. कल्याणीच्या डोहाळजेवणात पडद्यापलीकडे म्हणाली, आणि पडदे पातळ असतात.

बारशाची तारीख कळव.

तुझी ताई,
अक्षता


विश्रांतवाडी,
२१ जानेवारी

अनिरुद्ध,

उत्तर आलं नाही. पोस्टाचाच दोष असणार, तू तसा नाहीस.

पेटीचं काम सुरू झालं. अप्पा बळवंत चौकातून बाइंडिंगचा पुठ्ठा आणला. तळाला जाड आणि भिंतीला पातळ. पुठ्ठ्याचं एक असतं, तो एकाच बाजूने वळतो. हातात धरून दोन्हीकडून वाकवून बघायचा. एकीकडून निमूट वळतो, दुसरीकडून मध्येच मोडतो आणि घडी पडते. घडी पडली की तो तुकडा गेला. मी पहिला तुकडा असाच घालवला. तुझी आठवण झाली. तूसुद्धा एकाच बाजूने वळतोस, आईच्या.

दुसरा तुकडा ओल्या फडक्याने पुसला, तांदळाच्या डब्याभोवती गुंडाळला आणि परकराच्या नाडीने बांधून ठेवला. सकाळपर्यंत त्याने गोलाई धरली. मैद्याची खळ शिजवली. चिकटपट्टीने भागलं असतं, पण ती उन्हाळ्यात सुटते. खळीत मोरचूद घालतात, म्हणजे झुरळं लागत नाहीत. मी घातला नाही, कारण तो विषारी असतो आणि बाळं सगळं तोंडात घालतात. कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्यात मैदा कालवला. बघ, अजून मला बाळांचं सगळं आठवतं.

चौकातून परत येताना पाय आपसूक तुमच्या गल्लीत वळले. वर यायचं नव्हतंच, नुसतं बघायचं होतं. गॅलरीत दोरीवर लंगोट, दुपटी, आणि एक फिकट पिवळं टोपडं वाळत होतं. छान दिसत होतं. कुणी दिलं? नवं दिसत नाही.

नसणारच. आईचा नियम मी विसरले नाही. बाळाला पहिलं टोपडं नवं घालायचं नाही. जिच्या घरची मुलं जगली, वाढली, अशा बाईकडून जुनं मागून आणायचं, म्हणजे तिचा गुण लागतो. आणि ते टोपडं बाळ पायावर चालायला लागेपर्यंत घराबाहेर काढायचं नाही. तू आणि मी दोघांनी कुणाकुणाची टोपडी घातली होती ते आई अजून कौतुकाने सांगते. विश्वजीतच्या वेळी मी तिचं ऐकलं नाही. म्हटलं, माझं बाळ दुसऱ्याचं उष्टं घालणार नाही. ते तिने माझ्या खात्यावर लिहून ठेवलंय.

मी खाली उभी असताना आई गॅलरीत आली. तिने मला बघितलं. आधी दोरीवरचं टोपडं काढलं, मग लंगोट काढले, आत गेली आणि दार लावलं. ऊन चांगलं होतं, कपडे अजून ओलेच असणार. दमट लंगोट बाळाला घालू नका, अंगावर पुरळ येतं.

बारशाची तारीख अजून समजली नाही.

अक्षता


विश्रांतवाडी,
३ फेब्रुवारी

अनिरुद्ध,

तू परवा येऊन गेलास. समोरासमोर जे बोलायचं राहिलं ते आता लिहिते, कारण तू दारातच उभा होतास आणि दारात उभ्या माणसाशी भांडलं की शेजारीही मधे पडतात.

तू चपला काढल्या नाहीस. चहा नको म्हणालास. मी पाणी आणलं, तर पेला हातात धरून तसाच उभा राहिलास आणि जाताना भरलेलाच परत दिलास. पाण्यातूनही काही लागतं असं आईने सांगितलंय का? मी ते पाणी तुळशीला घातलं. तुळस अजून जिवंत आहे, आईला सांग.

तू म्हणालास, "ताई, जरा समजून घे. कल्याणीच्या मनात भीती बसलीय."

मी विचारलं, "कल्याणीच्या, आईच्या की तुझ्या?"

तू म्हणालास, "सगळ्यांच्याच असं नाही. पण पहिलीच वेळ आहे ना. बारसं घरगुतीच करतोय. हॉल मिळाला असता तर गोष्ट वेगळी होती. तारीख आधी ठरली असती तर, आईचं गुडघ्याचं दुखणं नसतं तर..."

आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, अनिरुद्ध. हे मी तेव्हा बोलले नाही, कारण तुझी मान खाली होती. तुझी ती मान मला पाठ आहे. लहानपणी बाबांच्या हातचा मार चुकवायला माझ्यामागे लपायचास तेव्हाही अशीच असायची. मार मी खायचे आणि मान तू घालायचास.

मग तू म्हणालास, "बारशानंतर महिन्याभराने ये. निवांत बघ बाळाला." निवांत! ती काय प्रदर्शनातली वस्तू आहे, गर्दी ओसरल्यावर बघायला? मला तिच्या कानात नाव सांगायचं होतं. एवढंच होतं माझं मागणं. सोनं नाही, साडी नाही. मूल हातात घेऊ नकोस म्हणाला असतात तर पाळण्यावर वाकून सांगितलं असतं. हे मी तुला बोलले, आणि तू पेला परत दिलास.

तू गेल्यावर पेटीत मोठी चूक झाली. चूक माझीच. झाकणाचं माप मी उघड्या पुठ्ठ्यावर घेतलं होतं. नंतर पेटीला खण चढवला, झाकणाच्या आतून मलमल लावली, आणि आता झाकण बसेना. कापडाची जाडी धरलीच नव्हती. दाबलं तर पेटीचा काठ आत चेपला. झाकण फाडून पुन्हा करावं लागणार. पेटी सजली, वाळली, की मगच झाकणाचं माप घ्यायचं, हे आता कळलं.

पेटीला लावलेला खण कुठला ते विचारलं नाहीस. माझ्या डोहाळजेवणात आईने ओटीत घातला होता तो. हिरवा, काठाला लाल. त्याचं पोलकं मी शिवलंच नाही. संतोष मला सोडून नागपूरला गेला तेव्हा अर्धा संसार घेऊन गेला, पण हा खण राहिला. पुरुषांना खण दिसत नाहीत.

अक्षता


विश्रांतवाडी,
१८ फेब्रुवारी

अनिरुद्ध,

बारसं थाटात झालं. अभिनंदन. घरगुती म्हणालास आणि फोटोत निदान साठ डोकी दिसतायत. कसबा पेठेतली घरं आतून एवढी मोठी असतात हे नव्याने कळलं.

फोटो कल्याणीच्या मावसबहिणीने, त्या उत्कर्षाने, स्टेटसला टाकले. तुम्ही सगळ्यांनी मला ब्लॉक केलंत, पण ती राहून गेली. एवढा मोठा कारभार करायचा म्हणजे एखादी खिडकी उघडी राहणारच.

तर उत्कर्षा आत्या झाली. मावशी होती, तिला आत्या करून घेतलं. पदोन्नती म्हणायची की बदली, ते तुम्हीच ठरवा. तिने वाकून कुर्र केलं, 'मुक्ताई' असं नाव सांगितलं, आणि आईने स्वतः तिच्या पाठीत धपाटा घातला. त्या फोटोत आई इतकी मोकळी हसतेय की मी फोटो मोठा करून बघितला. विश्वजीतच्या बारशानंतर तिला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं.

मुक्ताई हे नाव चांगलं आहे. नाव ठेवायचा मान गेला, पण नावं ठेवायचा मान अजून माझ्याकडे आहे आणि तो मी मरेपर्यंत सोडणार नाही.

दुसऱ्या दिवशी तुळजाबाई घुगऱ्या घेऊन आल्या. तुमच्याकडून नव्हे, त्यांच्या वाटच्या त्यांनी आणल्या. मला बोलावलं नाही याचं त्यांनाच वाईट वाटत होतं. म्हणाल्या, "अगं, तुझ्या आईने भर कार्यक्रमात माझं नाव घेतलं. बाळाच्या डोक्यावरचं टोपडं सगळ्यांना दाखवलं. म्हणाली, हे तुळजाबाईंच्या घरचं, यांचे तिन्ही मुलगे कसे धडधाकट, बघा, पोरीचं वजनसुद्धा कसं वाढतंय. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं." मी विचारलं, "का हो?" त्यांनी घुगऱ्यांचा डबा माझ्यापुढे सरकवला. मी घुगऱ्या खाल्ल्या. मीठ थोडं कमी होतं.

आई आणखी काही म्हणाली का, असं मी त्यांना खोदून विचारलं. टोपड्याच्या शिवणीबद्दल वगैरे. त्या म्हणाल्या, "हो, म्हणाली ना. काय सुबक हात आहे म्हणाली."

मग मी दिवसभर काही केलं नाही. खळ पातेल्यात वाळून कडक झाली, ती संध्याकाळी खरवडून टाकली.

पेटी आता दोन दिवसांत होईल. झाकण दुसऱ्यांदा केलेलं नीट बसतं. काठाला जर लावायची राहिली आहे.

अक्षता


विश्रांतवाडी,
१ मार्च

अनिरुद्ध,

या पत्राबरोबर पेटी पाठवते आहे. माणूस दारात ठेवून जाईल. कुणी हात लावून घ्यायचा यावर घरात वाद नको, ती तुम्हाला चावणार नाही. आत सहा टोपडी आहेत, सगळी नवी, माझ्या हातची. त्यातलं एकही तुम्ही मुक्ताईला घालणार नाही हे माहीत आहे. तरी मन लावून शिवली. एकावर चिमण्या काढल्या आहेत, दोन नीट जमल्यात, तिसरी बदकासारखी झालीय.

आता पिवळ्या टोपड्याचं.

तुळजाबाई जानेवारीत माझ्याकडे ज्या कामासाठी आल्या होत्या ते हेच. आईने त्यांच्याकडे हक्काने जुनं टोपडं मागितलं, आणि त्यांच्या मुलांच्या टोपड्यांची पोतेरी होऊनही जमाना झाला. नाही म्हणायला जीभ उचलेना. मला म्हणाल्या, "तुझ्या सोसायटीत एवढी पोरं आहेत, कुणाचं तरी एखादं आणून दे. माझंच म्हणून देते. कुणाला काय कळतंय?" मी आत गेले आणि कपाटातून काढून आणून दिलं. खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या मुलाचं आहे, पठ्ठ्या आता शाळेत जातो, असं सांगितलं. तुळजाबाईंचा यात काडीचा दोष नाही. त्यांना काही बोललात तर मी तुमच्या गल्लीत येऊन उभी राहीन आणि मग आईने कितीही दारं लावली तरी माझा आवाज आत येईल.

ते विश्वजीतचं आहे.

पाचवीच्या पूजेपासून तुमची मुलगी तेच घालतेय. बारशाच्या सगळ्या फोटोंत तेच आहे. ते घालूनच तिचं वजन वाढलं, ते घालूनच ती हसायला लागली असेल. टोपड्याने कुणी जगत नाही आणि टोपड्याने कुणी मरत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तुम्हाला ठाऊक नाही. माझ्याजवळ फुंकायला दुसरं काही नव्हतं, तुमची भीतीच होती, ती मी फुंकून फुलवली. आजपासून मुलगी झोपली की कल्याणी तिच्या नाकाशी बोट धरून बघेल. तूही बघशील. मी कधी बघितलं नव्हतं, मला तशी गरजच वाटली नव्हती. सात महिने पूर्ण व्हायला अजून बराच वेळ आहे, तोवर सवय होईल.

आता ते टोपडं डोक्यावर ठेवावं तर पंचाईत आणि काढून टाकावं तर आईचाच नियम मोडतो, पहिलं टोपडं मूल चालेपर्यंत घराबाहेर काढायचं नाही. काय करायचं ते तुम्ही तिघं बसून ठरवा. घरगुतीच ठरवा.

का दिलं, हे तू विचारशील. दुष्टपणाने दिलं. ते मी नाकारत नाही, आणि लिहिताना मला लाजही वाटत नाही. त्या दिवशी बर्फी आली असती तर कदाचित दिलं नसतं. पण नुसत्या दुष्टपणाने माणूस एवढी जिवापाड जपलेली वस्तू हातची घालवत नाही. ते पुन्हा एखाद्या गरम डोक्यावर बसावं असं मला वाटलं. तिच्या टाळूला ते लागलं म्हणजे माझं कुणीतरी तिच्याजवळ गेलं, मला जाऊ देत नव्हतात म्हणून.

आणि मला आणखी एक बघायचं होतं. ते टोपडं आईने शिवलं होतं. तिच्या स्वतःच्या पिवळ्या वायलच्या साडीचं, माझ्या बाळंतपणात, माझ्या उशाशी बसून. उजव्या कानाशी गोटाचा टाका उलटा पडला होता. मी दाखवला तर म्हणाली, "चष्मा घरी राहिला गं. पण तुझ्या लेकाला काय कळतंय, तो आजीला नावं ठेवणार नाही." मग तिने त्याचा तो कान धरून हलकेच ओढला आणि तो हसला. त्याचं ते पहिलं हसू असं आम्ही दोघींनी मिळून ठरवलं होतं.

मला वाटलं, हातात घेताच ओळखेल. पाचवीला ओळखेल, निदान धुताना ओळखेल. ओरडेल, मला शिव्या घालेल, तुला पाठवेल माझ्याशी भांडायला. तू आलास तेव्हा दार उघडताना मला वाटलं, कळलं हिला, म्हणून आलायस. तू हॉलचं सांगत बसलास. तोवर तिने ते कितीदा धुतलं असेल, वाळत घातलं असेल, नातीच्या हनुवटीखाली त्याचे बंद बांधले असतील. आणि शेवटी साठ माणसांसमोर धरून म्हणाली, काय सुबक हात आहे तुळजाबाईंचा.

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस. आधी नुसतं टोपडं तिच्या हातात दे, चष्मा लावायला सांग, आणि विचार, हे कुणाचं. तिला वेळ दे. आठवलं तर ती ते स्वतःच्या हाताने बाजूला ठेवेल, त्यानंतर मला काहीही म्हणू दे.

नाही आठवलं, तर राहू दे पोरीच्या डोक्यावर, अगदी चालायला लागेपर्यंत. मग ते कुणाचंच नव्हतं.

मुक्ताईची आत्या,
अक्षता